घाटाची गाडी

म्हसावदच्या भाग्येश पाटलाला काहीही विचारलं तरी तो आधी मान हलवतो. ती होकाराची होती की नकाराची, हे पुष्कळदा त्याला स्वतःलाही मागाहून कळतं. चौतिशीचा उंचापुरा गडी. पांढरी डिझेल पिकअप चालवतो, धडगावच्या घाटात समोरून एसटी आली तरी बिचकत नाही. पण घरी वडिलांसमोर उभा राहिला की गृहपाठ न केलेल्या पोरासारखा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसतो. माणूस सरळ आहे, कष्टाळू आहे, दारूच्या वासालासुद्धा उभा राहत नाही. आणि तरीही त्याच्याकडे पाहून कधी कधी अस्सा राग येतो, की खांदे धरून गदागदा हलवावं आणि म्हणावं, अरे, बोल की एकदा!

त्याचे वडील लोटन आबा. सगळी नोकरी पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर झाली. काट्यावरच्या माणसाला शेतकरी नमस्कार करतात आणि आबांना त्या नमस्काराची सवय लागली. निवृत्त झाल्यावर काटा गेला, पण नमस्कार टिकला, कारण गावातलं कोणीही अडलं की आबांकडे येतं आणि आबा शब्द देतात. कोणाला लग्नाची भांडी आणायची आहेत, कोणाच्या म्हाताऱ्याला शहाद्याला दवाखान्यात न्यायचं आहे, कोणाचं खत पडून आहे. आबा ओट्यावरच्या खुर्चीतून हात वर करतात आणि म्हणतात, "मन्हा भाग्येश शे ना, तो लई जाई." मन्हा भाग्येश त्या वेळी आत जेवत असतो. घास तोंडात तसाच ठेवून तो किल्ली शोधायला लागतो.

आबा वाईट आहेत असं कोणी समजू नये. भाग्येशला शहाद्याच्या आयटीआयला डिझेल मेकॅनिक व्हायचं होतं, आबांना तो शिक्षक व्हावा असं वाटत होतं. तो डीएड झाला. शिक्षकभरती काही निघेना, पोरगा घरात बसून कोमेजायला लागला, तेव्हा आबांनीच कोणी न सांगता पिकअप दारात आणून उभी केली आणि तिच्या काचेवर स्वतःच्या हाताने कुंकवाचं स्वस्तिक काढलं. गाडी मात्र स्वतःच्या नावावर घेतली. पाटलांच्या घरात वडील जिवंत असताना मुलाच्या नावावर काही घेत नाहीत. त्यात अविश्वास नसतो, तशी रीतच असते.

अशीच आणखी एक रीत त्या घरात होती आणि ही सगळी गोष्ट तिच्यावरच बेतली आहे. मुलाने वडिलांसमोर आपली इच्छा थेट बोलायची नाही. विचारलं तर म्हणायचं, तुम्ही म्हणाल तसं. मग वडिलांनी मोठ्या मनाने म्हणायचं, नाही रे, तुला बरं वाटेल तसं कर. म्हणजे निर्णय मुलाचाच व्हायचा, पण तो वडिलांच्या हातून परत यायचा. पंगतीत वाढणारा जिलेबीचं ताट पुढे करतो, आपण पानावर हात आडवा धरतो आणि तो बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतोच, त्यातलाच हा प्रकार. वाढणाऱ्याने खरंच ताट उचलून पुढे जायचं नसतं.

भाग्येशचा या रीतीवर विश्वास बसायला कारणही तसंच झालं होतं. दोंडाईच्याला चारुलताला पाहायला गेले, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर तिच्या मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, मुलगी पसंत आहे का? भाग्येशचा जीव तिच्यावर केव्हाच जडला होता. ती चष्मा लावून समोर बसली होती आणि इतर मुलींसारखी खाली न बघता सरळ त्याच्याकडे बघत होती. तरी तो म्हणाला, आबा म्हणतील तसं. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "मन्हं काय, संसार तुले करना शे. तू सांग." मग भाग्येशने मान हलवली आणि या वेळी ती होकाराची होती हे सगळ्यांना दिसलं. चारुलता पुढे कित्येक दिवस त्याच्या त्या उत्तराचं कौतुक करायची. किती मर्यादाशील माणूस, म्हणायची.

आता म्हणत नाही. ती नंदुरबारला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. लग्नानंतर सुरुवातीला म्हसावदहून एसटीने ये-जा केली. पण रात्रपाळी आणि एसटी यांचं काही जमेना. भार्गवीचा जन्म झाला, मग तिची शाळा आली, आणि चारुलता लेकीला घेऊन नंदुरबारला राहायला लागली. आधी भाड्याची एकच खोली होती. मागच्या पावसाळ्यात तिला दवाखान्यामागे क्वार्टर मिळालं, चांगल्या दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मायलेकींचा संसार मांडला आणि आतली खोली तिने मोकळी ठेवली. तिथे दिवाण टाकला, पंखा लावला, भिंतीत भाग्येशच्या शर्टांसाठी खुंट्या ठोकून घेतल्या. भाग्येश रविवारी आला की ती खोली त्याला दाखवायची, जणू दर रविवारी ती नव्यानेच बांधून होत होती.

त्या खोलीमागे एक बेत होता आणि तो चारुलतानेच आखला होता. दसऱ्यानंतर मिरचीचा हंगाम सुरू होतो. म्हसावदच्या बाजूची ओली लाल मिरची नंदुरबारच्या बाजारात जाते. भाग्येशने राहायचं नंदुरबारला, पहाटे रिकामी गाडी घेऊन म्हसावदला जायचं, मिरची भरायची, आईच्या हातचा चहा प्यायचा आणि लिलावाच्या आत नंदुरबार गाठायचं. दुपारनंतर तो बायकोचा आणि लेकीचा. आई-वडिलांना रोज तोंड दिसेल आणि संसारही एका छपराखाली येईल. बेतात खोट काढायला जागा नव्हती. अडचण एकच होती, ती गाडीची.

गाडीच्या मागच्या ॲक्सलमधून भाद्रपदापासून किरकिर यायला लागली होती. शहाद्याला दोंडाईचा रोडवर छगन मिस्त्रीचं गॅरेज आहे. छगन नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगतो आणि ते सांगताना गाडीच्या मालकाचीही यथेच्छ खेचतो. त्याने खाली सरकून पाहिलं आणि क्राउन-पिनियन गेल्याचं सांगितलं. म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोहोचवणारी दातेरी जोडी. ती झिजली होती, बदलणं भागच होतं. आणि बदलायचीच आहे, तर गाडी नीट एका कामासाठी तयार करून घे, असं त्याचं म्हणणं पडलं.

ही बातमी म्हसावदला पोहोचताच गावात सल्ल्यांना ऊत आला. गाडीवर सल्ला द्यायला परवाना लागत नाही. एक म्हणाला रुंद टायर टाक, दुसरा म्हणाला सायलेन्सर मोकळा कर, बिबट्यासारखी गुरगुरली पाहिजे. कोणी पुढे दिव्यांची पट्टी लावायला सांगितली, कोणी इंजिनाला चिप मारायला. एकाने तर मोबाइलवर परमुलखातली एक पिकअप दाखवली, जी एवढा काळा धूर ओकत होती की मागचा रस्ताच दिसेना, आणि अशी पाहिजे म्हणाला. भाग्येश सगळ्यांपुढे मान हलवत राहिला.

पण या बाबतीत तो आतून बावळट नव्हता. आयटीआय हुकलं तरी इंजिनाची ओढ सुटली नव्हती. धूर म्हणजे ताकद नव्हे, न जळलेलं डिझेल, हे त्याला ठाऊक होतं. सगळ्या सल्ल्यांतून त्याने खरी गोष्ट वेगळी काढली होती: प्रत्येक सुधारणेला दोन तोंडं असतात. क्राउन-पिनियनची एक जोडी अशी मिळते की गाडी घाटात कितीही ओझं ओढते, पण सपाट रस्त्यावर पन्नाशीतच इंजिन किंचाळायला लागतं आणि डिझेल पाण्यासारखं पितं. दुसरी जोडी अशी, की सपाटीवर गाडी आरामात पळते, डिझेल कमी खाते, पण घाटात भरलेली गाडी रडवते. सुरतेहून महिन्यातून एकदा एक जण लॅपटॉप घेऊन छगनकडे येतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये डिझेलचं माप बदलून देतो. ते मापही ओझ्यासाठी वेगळं, वेगासाठी वेगळं. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वाढवले तर भार जास्त पेलतो, पण रिकामी गाडी बैलगाडीसारखी आदळत जाते.

म्हसावदहून उत्तरेला धडगावचा घाट आहे. दक्षिणेला शहादा, प्रकाशा, तापीचा पूल आणि पुढे नंदुरबारपर्यंत सपाट रस्ता. गाडी कोणत्या दिशेची करायची, एवढाच प्रश्न होता. आठवडाभर भाग्येश रात्री उताणा पडून छताकडे बघत गाडी मनात जुळवत राहिला. पळणारी जोडी, वेगाचं माप, पाटे आहेत तेवढेच, टायर कंपनीच्याच मापाचे. मनातल्या मनात तो ती गाडी पुलावरून नेत होता आणि खिडकीतून वारा येत होता. चारुलताला फोनवर सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, ठरलं ना मग? तो म्हणाला, ठरलं. एवढा सुखाचा शब्द त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत निघाला नव्हता.

त्याच आठवड्यात शहाद्याचे किशनलाल शेठ आबांकडे येऊन गेले. शेठचं सिमेंट, पत्रे आणि लोखंडाचं मोठं दुकान. डोंगरात घरकुलांची कामं निघाली होती, धडगावच्या दुकानांना रोज माल पोहोचवायचा होता. शेठ ओट्यावर बसले, चहा प्याले, आबांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि गेले. भाग्येश तेव्हा अंगणातच होता. आबा काही बोलले नाहीत आणि त्याने विचारलं नाही. शेठ कशाला आले होते, एवढे चार शब्द त्या दिवशी तोंडातून निघाले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मूग गिळून बसण्यात भाग्येशचा हात धरणारा उभ्या तालुक्यात सापडायचा नाही.

दसऱ्याच्या आधी गाडी छगनच्या गॅरेजात चढली. छगनने मागचा भाग खोलून ठेवला, दोन्ही जोड्या पोत्यावर मांडल्या, हात पुसले आणि विचारलं, "भाऊ, एक काय ते सांग. पयनारी करू का वढनारी? दोन्ही नही व्हत."

भाग्येशने एकदा घसा खाकरला आणि म्हणाला, "पयनारी कर."

सांगून टाकलं! आपल्याच आवाजाने तो दचकला. छगननेही भुवया उंचावल्या. पाटलाचा पोरगा एका दमात असं काही सांगेल अशी त्याची अपेक्षा नसावी. भाग्येशला हसू आलं. समोरच्या टपरीवरून त्याने स्वतःच्या मनाने दोन चहा मागवले. तेवढ्या वेळापुरता तो माणूस मोकळा होता आणि त्याच्या तोंडावरून ते कोणालाही कळलं असतं.

चहा आला, आणि छगनने खिशातून फोन काढला. त्यातही त्याची काही चूक नव्हती. गाडी आबांच्या नावावर, आबांशी त्याची कारखान्यापासूनची ओळख. मोठ्या कामाला हात लावण्याआधी घरातल्या कर्त्याच्या कानावर घालायचं, ही त्याच्या धंद्याची शिस्त होती. हात तेलकट, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकून टूलबॉक्सवर ठेवला. आबांना रामराम घातला आणि सांगितलं, आबा, दोन्ही जोड्या समोर आहेत, काम सुरू करतोय. आबांनी विचारलं, भाग्येश आहे का तिथे? मग आबांचा आवाज गॅरेजभर घुमला.

"भाग्येश, तुन्हा काय इचार शे रे?"

किती सोपा प्रश्न! बापाने आपणहून विचारलेला. उत्तर जिभेवर तयार होतं, आत्ताच एकदा बोलून झालं होतं. पण गॅरेजमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, छगन बघत होता, आणि चार लोकांसमोर बापाला थेट आपली इच्छा सांगणं भाग्येशच्या रक्तातच नव्हतं. त्याला वाटलं, आबा मोठेपणाने परत देतीलच. दोंडाईच्याला दिलं होतं. तो फोनकडे वाकला आणि आदराने म्हणाला, "तुम्ही म्हनशात तसं, आबा."

 आबांचं हसणं आता ऐकू येईल म्हणून भाग्येश थांबला.

"मंग घाटनी कर रे छगन," आबा म्हणाले. "किशनलाल शेठले मी शब्द देयेल शे."

फोन बंद झाला. छगनने भाग्येशकडे पाहिलं. त्या पाहण्यात एक संधी होती, हे आपल्याला लांबून दिसतं. आबांना परत फोन लाव, एवढंच म्हणायचं होतं. भाग्येशने चहाचा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि मान हलवली. छगनने ओढणारी जोडी उचलली.

पुढची कामं आपोआपच झाली. क्राउन घाटाचा म्हटल्यावर सुरतेच्या माणसाने मापही ओझ्याचंच टाकलं. माप ओझ्याचं म्हटल्यावर पाटे वाढवावे लागले, पाटे वाढवले म्हणून जाड टायर आले. एकाही गोष्टीसाठी भाग्येशला पुन्हा कोणी विचारलं नाही. तो बाकावर बसून आपलीच गाडी दुसऱ्या कोणाची तरी होताना पाहत राहिला.

संध्याकाळी त्याने चारुलताला फोन केला. आबांनी घाटाची करायला सांगितली, म्हणाला.  तिने शांतपणे विचारलं, आणि तुम्ही काय सांगितलं? भाग्येशला खोटं बोलता येत नाही. त्याने जे सांगितलं होतं ते सांगितलं. तिकडून भांडण आलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बरं, भार्गवीला झोप आली आहे, ठेवते.

गाडी मात्र अशी झाली की काही विचारू नका. ज्या चढावर बाकीचे पहिल्या गिअरमध्ये कण्हत असत, तिथे भाग्येश सिमेंटच्या गोण्यांनी शिगोशीग भरलेली पिकअप दुसऱ्या गिअरमध्ये सहज काढायचा. घाटातल्या टपऱ्यांवर गाडीचं नाव झालं. किशनलाल शेठ खूश झाले आणि त्यांनी माल वाढवला. गाडी ओढते म्हटल्यावर दिवसाला दोन खेपा झाल्या, दोन खेपा होतात म्हटल्यावर रविवारही भरला. आबांनी आणखी कोणाकोणाला शब्द दिले. गाडी जितकी तगडी होत गेली, तितका भाग्येश तिच्या दोरीला घट्ट बांधला गेला. इतर ड्रायव्हर त्याची पाठ थोपटायचे, तेव्हा तो ओशाळं हसायचा. चढावर इंजिन मस्त सुरात लागलं की त्याला स्वतःलाही गाडीचा अभिमान वाटायचा, आणि लगेच त्या अभिमानाची लाज वाटायची.

दिवाळीत तो नंदुरबारला गेला तो एकदाच. प्रकाशाच्या पुढे सपाट रस्त्यावर इंजिन एवढं किंचाळत होतं की भार्गवीचा फोन आला तेव्हा तिला काही ऐकूच येईना. मोटारसायकली त्याला मागे टाकून जात होत्या. फराळ खाल्ला, लेकीबरोबर दोन फुलबाज्या लावल्या आणि पहाटे माल भरायचा म्हणून तो परत फिरला. आतल्या खोलीतल्या दिवाणावर नवी चादर घातलेली होती. ती त्याने पाहिली, चारुलताने त्याला ती पाहताना पाहिलं, आणि दोघांनीही दुसरंच काहीतरी बोलायला सुरुवात केली.

त्यानंतर एकदा त्याने जोर केला. छगनकडे जाऊन म्हणाला, ती जोडी काढ आणि पळणारी टाक. छगन गाडीखालून बाहेर आला, त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, आबांना सांगितलं का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग सांगीसन ये, भाऊ. मी लगेच खोलस." तो अडवत नव्हता. भाग्येश तसाच घरी निघाला. वाटेत त्याने वाक्य जुळवलं. आबा, मला नंदुरबारला राहायचं आहे. एवढंच. गाडीत मोठ्याने म्हणूनही पाहिलं, नीट जमत होतं.

घरी ओट्यावर पाहुणे बसले होते, आबांचे कारखान्यातले जुने सोबती. त्यांच्यातल्या एकाचा मुलगा वेगळा निघून नाशिकला गेला होता आणि तो म्हातारा डोळे पुसत होता. आबा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. भाग्येश पायरीशी आला तसा आबांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, "मन्हा पोऱ्यानी आजलोंग मन्हा शब्द खाले पडू दिना नही." सांगताना त्यांचा आवाज जड झाला. सगळ्या पाहुण्यांनी वळून भाग्येशकडे पाहिलं, एखाद्या नवलाच्या मुलाकडे पाहावं तसं. त्याच्या तोंडातलं वाक्य तिथेच विरलं. तो आत गेला. त्याची आई कमलबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने त्याचं तोंड पाहिलं आणि तिला काय कळायचं ते कळलं. "बोलता येस नही का रे तुले?" ती हळूच म्हणाली. तो पाटावर बसला आणि जेवला.

हिवाळा असाच गेला. चारुलताचे फोन कमी झाले. आले तरी भार्गवीची शाळा, भार्गवीचा खोकला, एवढंच. कधी येणार हे तिने विचारणं सोडलं, आणि न विचारल्यामुळे भाग्येशला सुटल्यासारखं वाटलं. हा भाग्येशचा खरा मूर्खपणा. बायको विचारायची थांबली की माणसाने घाबरावं, सुटकेचा श्वास टाकू नये.

संक्रांत उलटून गेल्यावर एके दिवशी आबांनीच विषय काढला. कमलबाईने त्यांना काही सुनावलं होतं, की त्यांचं त्यांनाच उमगलं होतं, कोण जाणे. भाग्येश खेप टाकून आला होता, हातपाय धूत होता. आबा जवळ येऊन उभे राहिले, जरा घुटमळले. मग म्हणाले, शेठशी बोललो आहे, चार दिवस दुसरी गाडी जाईल. "पोर वाट देखत व्हई. जाय, चार दिन ऱ्हाईसन ये." आणि पुढे, नजर दुसरीकडे वळवून, म्हणाले की घरकुलांची कामं संपली की त्या जोडीचं काय ते छगनशी बोलू, तुझ्या मनात काय होतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. म्हाताऱ्याला एवढं बोलायला किती कष्ट पडले असतील! भाग्येशचे डोळे भरून आले. त्याने खाली वाकून आबांच्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीत चार जोड कपडे भरले. शहाद्याला भार्गवीसाठी रंगपेटी घेतली. गाडी किंचाळत होती, तरी आज त्याला त्याचं काही वाटलं नाही. तापीच्या पुलावर त्याने काच खाली केली. चारुलताला न सांगताच निघाला होता. दारात उभं राहून, राहायला आलोय, असं म्हणायचं होतं. या वेळी कोणाला काही विचारायचं नव्हतं.

दुपारी तो क्वार्टरपाशी पोहोचला. दार उघडंच होतं. पिशवी गाडीत ठेवून तो आधी तसाच आत गेला. चारुलता रात्रपाळी करून उठली होती, केस मोकळे होते. त्याला पाहून ती चपापली, मग हसली आणि बसा म्हणाली. भाग्येश बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला. आतल्या खोलीतून लहान बाळाचं रडणं आलं. पाठोपाठ बाळाला थोपटत म्हटलेली अंगाई आली, इकडच्या कोकणी आदिवासींच्या बोलीतली.

आतल्या दारातून दिवाण दिसत होता. त्याच्यावर दुपट्यात बाळ होतं आणि शेजारी एक तरुण बाई बसली होती. खुंट्यांवर तिच्या साड्या आणि बाळाची झबली टांगलेली होती. चारुलताने ओळख करून दिली. ही जसोदा गावित, आमच्याच वॉर्डातली, खांडबाऱ्याची. बाळंतपणाची रजा संपली आणि हिला कुठे खोली मिळेना. आता इथेच आहे. आम्ही पाळ्या अशा लावून घेतल्या आहेत की मुलींपाशी एक जण असतेच. जसोदाने आतूनच नमस्कार केला आणि अवघडून दार लोटून घेतलं.

भाग्येशने विचारलं, केव्हापासून? ती म्हणाली, दिवाळीनंतर.

"माले सांगं नही तू," तो म्हणाला.

चारुलता त्याच्या शेजारी स्टुलावर बसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "कसाले सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही आबाले इचारशात."

त्याला सांगायचं होतं, की या वेळी आबांनीच पाठवलं आहे, चार दिवस राहायला सांगितलं आहे. आणि ते वाक्य ओठांवर येताच त्याला ते स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. आबांनी सांगितलं म्हणून आलो. तो लोटलेल्या दाराकडे बघत राहिला. आत बाळ शांत झालं होतं, पंखा फिरत होता.

एवढ्यात भार्गवी शाळेतून आली. बाप दिसताच तिचा चेहरा फुलला. दप्तर टाकून ती स्वयंपाकाच्या ओट्याकडे धावली आणि दोन्ही हातांनी ताटली सावरत परत आली. ताटलीत पाण्याचा पेला होता. घरी कोणी पाहुणे आले की असंच द्यायचं, हे तिला आईने चांगलं शिकवलं होतं. एक थेंबही न सांडता तिने ती बापापुढे धरली आणि शाळेतल्या स्वच्छ मराठीत विचारलं, "पप्पा, तुम्ही चहा घेऊन जाणार की लगेच निघणार?"

चारुलताने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. भाग्येशने पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.  चहा घेईन, तो म्हणाला, आणि मग निघेन. भार्गवी खूश होऊन आईला चहा ठेवायला सांगू लागली. त्याने तिला जवळ घेतलं आणि गाडीत तुझ्यासाठी काहीतरी आणलं आहे म्हणून सांगितलं. चहा झाल्यावर तो तिला घेऊन गाडीपाशी गेला, सीटवरची कपड्यांची पिशवी बाजूला सारली आणि रंगपेटी काढून तिच्या हातात दिली.